आयथ्रीमध्ये शॉर्टकट बांधताना: कळ, चिन्ह आणि आज्ञा

लिनक्सवर आयथ्री हा विंडो मॅनेजर वापरायला लागून काही महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. एक लांबलचक मराठी अर्ज टाइप करायचा होता म्हणून मी कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर नेला, दोन परिच्छेद लिहिले आणि मधेच एक हिशेब करायचा म्हणून कॅल्क्युलेटर उघडायला नेहमीच्या सवयीने विंडोज कळ धरून डी दाबला. काहीच झाले नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. विंडोज कळ आणि एंटर दाबल्यावर टर्मिनल मात्र लगेच उघडले, बाणांच्या कळांनी एका विंडोवरून दुसऱ्या विंडोवर जाताही येत होते. पण ज्या शॉर्टकटमध्ये अक्षर होते, असा एकही चालत नव्हता. इंग्रजी मांडणीवर परत आलो की सगळे पूर्ववत. शॉर्टकट नेमका कशाला बांधलेला असतो, बोटाखालच्या कळेला की तिच्यावर छापलेल्या अक्षराला, हा प्रश्न मी तोवर स्वतःला विचारलाच नव्हता. तो विचारल्याशिवाय शॉर्टकटची फाइल हाताळणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे, असे माझे ठाम मत आहे, म्हणून या लेखाची सुरुवात फाइलपासून न करता कळेपासून करतो.

त्याआधी थोडी ओळख. विंडो मॅनेजर म्हणजे पडद्यावरच्या विंडो कुठे बसतील, कोणती पुढे येईल, कोणती बंद होईल हे ठरवणारा प्रोग्राम. जीनोम, केडीई किंवा एक्सएफसीई असे तयार डेस्कटॉप वापरणाऱ्यांच्या संगणकात तोही असतो, पण इतर अनेक भागांबरोबर एकत्र नांदत असल्यामुळे तो वेगळा जाणवत नाही, आणि तिथले शॉर्टकट सेटिंग्जच्या खिडकीत जाऊन बदलता येतात. आयथ्रीचे तसे नाही. मिखाएल श्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरने सुरू केलेला हा प्रकल्प २००९ मध्ये लोकांसमोर आला. तो फरशा बसवाव्यात तशा विंडो एकमेकींना लागून बसवतो, एकीवर एक ठेवत नाही, आणि जवळजवळ सगळी कामे कीबोर्डवरून व्हावीत अशी त्याची रचना आहे. त्यामुळे इथे शॉर्टकट ही वरकड सोय नसून तीच मुख्य वाट आहे. ती सगळी वाट एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते: आपल्या होम फोल्डरात, डॉट-कॉन्फिगच्या आत, आयथ्री नावाच्या फोल्डरात, 'कॉन्फिग' या नावाने. पहिल्यांदा लॉगिन केल्यावर आयथ्री ही फाइल तयार करून देऊ का असे विचारतो, आणि त्याच वेळी मुख्य कळ म्हणून विंडोज हवी की आल्ट, हेही विचारतो. एक खुलासा इथेच करतो. या लेखात फाइलमधल्या ओळी आणि आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी ठेवून लिहायच्या असतात.

आता कळ. आपण कीबोर्डवर डी दाबतो तेव्हा कीबोर्ड संगणकाला 'डी' असे काही सांगत नाही. कुठल्या जागेवरची कळ दाबली गेली, एवढेच तो कळवतो. लिनक्सचे कर्नेल, म्हणजे त्याचा गाभा, त्या जागेला एक क्रमांक देते. डी छापलेल्या कळेचा क्रमांक ३२ आहे. मग हा क्रमांक एक्स सर्व्हरकडे, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या मधल्या व्यवस्थेकडे जातो. एक्सच्या जुन्या नियमांनुसार कळांचे क्रमांक ८ ते २५५ या टप्प्यातच असावे लागतात, म्हणून तिथे प्रत्येक क्रमांकात आठ मिळवले जातात आणि ३२ चा ४० होतो. या आकड्याला कीकोड म्हणतात. इथपर्यंत भाषेचा काहीही संबंध आलेला नाही. त्यानंतर सध्या निवडलेल्या मांडणीचा तक्ता पाहिला जातो, आणि ४० क्रमांकाच्या समोर तिथे जे लिहिले असेल ते चिन्ह हाती येते. इंग्रजी तक्त्यात तिथे 'डी' आहे. इनस्क्रिप्टच्या तक्त्यात त्याच जागी हलन्ताचे चिन्ह आहे, कारण इनस्क्रिप्टमध्ये पाय मोडायची कळ तीच. या चिन्हाला कीसिम म्हणतात. आयथ्रीच्या फाइलीत आपण सहसा लिहितो ते हेच चिन्ह.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे, आणि त्याला दोन मिनिटे पुरतात. टर्मिनलमध्ये एक्सईव्ही हा छोटा प्रोग्राम चालवावा. एक पांढरी विंडो उघडते आणि तिच्यावर लक्ष असताना दाबलेल्या प्रत्येक कळेची माहिती टर्मिनलमध्ये उमटते. डी दाबल्यावर आलेल्या मजकुरात 'कीकोड ४०' आणि त्याच्या पुढे कंसात 'कीसिम, डी' असे दिसते. आता मांडणी बदलून इनस्क्रिप्ट करावी आणि तीच कळ पुन्हा दाबावी. कीकोड ४० च राहतो, पण कंसातले चिन्ह बदलून तिथे 'यू०९४डी' येते. युनिकोडमध्ये हलन्ताचा क्रमांक तोच आहे. एंटर दाबून पाहिले तर दोन्ही मांडण्यांत कीकोड ३६ आणि चिन्ह 'रिटर्न' असेच दिसते. माझा अर्ज टाइप करताना टर्मिनल उघडत होते आणि डीचा शॉर्टकट मात्र मुका झाला होता, त्याचे कारण एवढेच होते. माझ्या फाइलीत 'विंडोज आणि डी' असे लिहिलेले होते, आणि त्या घटकेला माझ्या कीबोर्डवर 'डी' नावाचे चिन्ह कुठेच अस्तित्वात नव्हते.

शॉर्टकटमध्ये दुसरा भाग असतो तो धरून ठेवायच्या कळांचा. एक्समध्ये अशा आठ जागा आहेत: शिफ्ट, लॉक, कंट्रोल आणि मॉड१ ते मॉड५. या पाच मॉडना कोणत्या कळा जोडलेल्या आहेत ते एक्समॉडमॅप ही आज्ञा नुसती चालवली की कळते. बहुतेक संगणकांवर मॉड१ म्हणजे आल्ट, मॉड२ म्हणजे नम लॉक, मॉड४ म्हणजे विंडोज कळ आणि मॉड५ म्हणजे उजवीकडची आल्ट-जीआर असते. विंडोज कळेला लिनक्समध्ये सुपर म्हणतात. हे नाव त्या कळेपेक्षा जुने आहे: एमआयटीमधल्या लिस्प यंत्रांच्या कीबोर्डांवर मेटा, सुपर आणि हायपर अशा कळा होत्या, तिथून ते आले, विंडोजचे चिन्ह असलेली कळ बाजारात आली ती १९९४ मध्ये.

आयथ्री सुरुवातीला विचारतो त्या प्रश्नाला उत्तर देताना विंडोज कळच निवडावी, असा माझा आग्रह आहे. विंडो मॅनेजरने एखादी कळजोडी स्वतःकडे घेतली की ती खालच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. आल्ट निवडली तर टर्मिनलमध्ये आल्ट आणि टिंब दाबून मागच्या आज्ञेतला शेवटचा शब्द आणण्यासारख्या, किंवा मेन्यू उघडण्याच्या अनेक सवयीच्या जोड्यांवर टांगती तलवार राहते. विंडोज कळ मात्र इतर प्रोग्राम क्वचितच वापरतात, त्यामुळे ती जवळजवळ पूर्ण मोकळी मिळते. फाइलीच्या वरच्या भागात 'सेट $मॉड मॉड४' अशी एक ओळ असते. पुढे सगळीकडे $मॉड असेच लिहितात, आणि निर्णय बदलायचा झाला तर ही एकच ओळ बदलावी लागते.

'स्वतःकडे घेणे' हा शब्दप्रयोग वर आला, तो नीट समजून घ्यायला हवा, कारण शॉर्टकट न चालण्याची निम्मी कारणे तिथे दडलेली असतात. विंडो मॅनेजर सुरू झाला की तो एक्स सर्व्हरकडे प्रत्येक कळजोडीसाठी मागणी नोंदवतो: ही जोडी दाबली गेली, तर कोणतीही विंडो पुढे असली तरी ती माझ्याकडे पाठव. याला ग्रॅब म्हणतात. एक जोडी एकालाच मिळते. दुसऱ्या प्रोग्रामने तीच जोडी नंतर मागितली, तर सर्व्हर त्याला नकार देतो, आणि तो नकार सहसा वापरणाऱ्याला दिसत नाही. मराठी लिहिणाऱ्यांना याचा अनुभव फार लवकर येतो. आयबस या टायपिंगच्या व्यवस्थेत भाषा बदलण्याची ठरलेली जोडी म्हणजे सुपर आणि स्पेस. आयथ्रीच्या मूळ फाइलीतही $मॉड आणि स्पेस ही जोडी आधीच वापरलेली आहे. फरशीसारख्या बसलेल्या आणि मोकळ्या तरंगणाऱ्या विंडोंमध्ये लक्ष इकडून तिकडे नेण्यासाठी ती असते. आयथ्री आधी सुरू झालेला असतो, त्यामुळे जोडी त्याला मिळते, आणि वापरणारा मात्र आयबस बिघडला असे समजून त्याची पुन्हा पुन्हा उभारणी करत बसतो. उपाय सोपा आहे: दोघांपैकी एकाची जोडी बदलावी. आयबसच्या सेटिंग्जमध्ये ती बदलता येते. मी स्वतः आयथ्रीमधली ओळ बदलली, कारण तरंगत्या विंडो मी फारशा वापरत नाही आणि भाषा दिवसातून पन्नासदा बदलतो.

इथे नम लॉकचा एक जुना काटा सांगून ठेवतो. एक्स सर्व्हर धरलेल्या कळा तंतोतंत जुळवून पाहतो, आणि त्याच्या दृष्टीने चालू असलेला नम लॉक किंवा कॅप्स लॉक हीसुद्धा धरलेलीच कळ असते. आयथ्री याची काळजी स्वतः घेतो. पण एखाद्या छोट्या विंडो मॅनेजरमध्ये नम लॉक लावल्यावर सगळे शॉर्टकट बंद पडले, तर कारण हे असू शकते.

आता फाइल उघडू. शॉर्टकटची ओळ 'बाइंडसिम' या शब्दाने सुरू होते, मग कळजोडी येते आणि मग आज्ञा. 'बाइंडसिम $मॉड+रिटर्न एक्झेक आयथ्री-सेन्सिबल-टर्मिनल' या ओळीचा अर्थ: मुख्य कळ धरून एंटर दाबला की टर्मिनल उघड. 'बाइंडसिम $मॉड+शिफ्ट+क्यू किल' या ओळीने पुढची विंडो बंद होते. 'बाइंडसिम $मॉड+डी एक्झेक डीमेन्यू_रन' ही ओळ पडद्याच्या कडेला एक पट्टी उघडते, तिच्यात प्रोग्रामचे नाव टाइप करून तो सुरू करायचा. या तीन ओळींतच आज्ञांचे दोन प्रकार दिसतात. 'किल' ही आयथ्रीची स्वतःची आज्ञा आहे. 'एक्झेक'च्या पुढे जे काही येते ते आयथ्रीला समजत नाही, तो ते शेलकडे, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडे सोपवतो.

मूळ फाइलीतली शहाणी गोष्ट म्हणजे शिफ्टचा वापर. $मॉड आणि २ दाबले की आपण दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे विंडोंच्या वेगळ्या संचावर जातो. त्यातच शिफ्ट मिळवला की पुढची विंडो दुसऱ्या वर्कस्पेसवर जाते. $मॉड आणि बाण दाबले की लक्ष शेजारच्या विंडोवर जाते. शिफ्ट मिळवला की विंडोच त्या दिशेला सरकते. म्हणजे शिफ्टशिवाय आपण हलतो, शिफ्टसह वस्तू हलते. विंडो बंद करणे, आयथ्री पुन्हा सुरू करणे, लॉगआउट करणे या परत न फिरणाऱ्या कामांनाही शिफ्ट लावलेला आहे, त्यामुळे बोट चुकून घसरल्याने विंडो बंद होत नाही. स्वतःच्या जोड्या ठरवताना हीच शिस्त पाळली तर त्या पाठ कराव्या लागत नाहीत. माझ्या पाहण्यात नवे लोक एकाच रात्री चाळीस जोड्या लिहून टाकतात आणि आठवड्याने त्यांतल्या सहा वापरतात. ज्या कामासाठी हात तिसऱ्यांदा माउसकडे गेला, त्या कामाला त्या दिवशी एक जोडी द्यावी. त्याहून घाई करण्यात काही मिळत नाही.

एखादी जोडी बदलली की दुसरी कशी हलते, याचे चांगले उदाहरण दिशांच्या कळांचे आहे. आयथ्रीमध्ये डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाण्यासाठी बाणांखेरीज जे, के, एल आणि अर्धविराम या कळा दिलेल्या असतात, कारण टायपिंग शिकताना उजव्या हाताची चार बोटे याच चार कळांवर ठेवायला सांगतात. विम हा संपादक वापरणाऱ्यांना मात्र एच, जे, के, एल यांची सवय असते, आणि ते या चार ओळी एकेक घर डावीकडे सरकवतात. फाइल जतन करून नव्याने वाचायला लावली की पडद्याच्या वर लाल पट्टी येते: एकाच जोडीला दोन कामे दिली आहेत. चुकलेले असे असते की $मॉड आणि एच ही जोडी मूळ फाइलीत आधीच विंडो आडवी विभागण्यासाठी दिलेली आहे. मग त्या विभागणीला दुसरे अक्षर शोधावे लागते, आणि ते अक्षर मोकळे आहे ना हे फाइलभर शोधून पाहावे लागते. एक्स सर्व्हर देतो तो नकार मुका असतो, पण एकाच फाइलीतला हा संघर्ष आयथ्री स्वतः पकडतो आणि मोठ्याने सांगतो. ही त्याची मोठी मदत आहे.

'एक्झेक'च्या ओळींबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो: हीच आज्ञा टर्मिनलमध्ये चालते, मग शॉर्टकटने का चालत नाही? बहुतेक वेळा उत्तर असे असते की टर्मिनल सुरू होताना बॅश या शेलची एक फाइल वाचली जाते आणि तिच्यात आपण प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी वाढवलेली असते. आयथ्रीने ती फाइल वाचलेलीच नसते. अशा वेळी प्रोग्रामचा संपूर्ण मार्ग लिहिला की काम होते. दुसरी अडचण अर्धविराम आणि स्वल्पविराम यांची. आयथ्रीच्या ओळीत ही दोन्ही चिन्हे 'इथे एक आज्ञा संपली, पुढची सुरू' असा अर्थ सांगतात. त्यामुळे शेलसाठी लिहिलेल्या आज्ञेत अर्धविराम असेल, तर संपूर्ण आज्ञा दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावी, नाहीतर आयथ्री तिचे मधोमध दोन तुकडे करतो आणि दुसरा तुकडा स्वतःची आज्ञा समजून वाचू पाहतो.

पडद्याचे छायाचित्र घेण्याचा शॉर्टकट लिहिताना आणखी एक खाचखळगा लागतो. पडद्यावरचा भाग माउसने निवडू देणारी साधने त्या वेळेपुरता संपूर्ण कीबोर्ड आपल्या ताब्यात मागतात. पण आपण शॉर्टकटची कळ अजून सोडलेली नसते, आणि जोवर ती दाबलेली आहे तोवर कीबोर्ड विंडो मॅनेजरच्या ताब्यात असतो. साधनाला नकार मिळतो आणि ते तसेच बंद पडते. म्हणून 'बाइंडसिम'नंतर '--रिलीज' हा शब्द लिहायची सोय आहे: मग आज्ञा कळ दाबल्यावर नव्हे, तर सोडल्यावर चालते. आवाज आणि उजेड कमी-जास्त करण्याच्या कळांना 'एक्सएफ८६ऑडिओरेझव्हॉल्यूम' अशी लांब नावे असतात, आणि ती पाठ करायची गरज नसते. एक्सईव्हीमध्ये कळ दाबून दिसेल ते नाव उचलावे. लॅपटॉपवरच्या एफएन कळेचे मात्र एक्सईव्हीमध्ये सहसा काहीच उमटत नाही, कारण बहुतेक लॅपटॉपांत ती कीबोर्डच्या आतच हाताळली जाते आणि संगणकाला फक्त तिचा परिणाम कळतो. तिला शॉर्टकट बांधायचा प्रयत्न सोडून द्यावा.

कळा संपतात, तेव्हा मोड, म्हणजे कळांना तात्पुरती वेगळी कामे देणारी अवस्था, कामी येतो. विंडोचा आकार बदलण्यासाठी आयथ्रीच्या मूळ फाइलीत असा एक मोड दिलेला आहे. $मॉड आणि आर दाबले की 'रिसाइझ' मोड सुरू होतो, आणि त्यात नुसते बाण दाबून, दुसरी कोणतीही कळ न धरता, विंडो रुंद किंवा अरुंद करता येते. फाइलीत 'मोड "रिसाइझ"' लिहून पुढे महिरपी कंस उघडायचा, आत हव्या त्या बाइंडसिमच्या ओळी लिहायच्या आणि कंस मिटायचा. मी याच पद्धतीने संगणक बंद करण्याचा मोड केलेला आहे: एक जोडी दाबली की तो सुरू होतो, मग एल म्हणजे पडद्याला कुलूप, एस म्हणजे झोप, आर म्हणजे पुन्हा सुरू. ही अक्षरे मोडच्या बाहेर इतर कामांसाठी मोकळी राहतात. मात्र मोड लिहिताना 'बाइंडसिम एस्केप मोड "डीफॉल्ट"' ही परतीची ओळ सर्वांत आधी लिहावी. मोड सुरू असताना बाहेरचे सगळे शॉर्टकट बंद असतात, फाइल नव्याने वाचायला लावण्याचा शॉर्टकटसुद्धा, त्यामुळे परतीची ओळ विसरली तर माणूस आत अडकतो. अशा वेळी घाबरून संगणक बंद करू नये. मोडमध्ये ज्या कळांना काम दिलेले नाही, त्या नेहमीप्रमाणे पुढच्या विंडोकडे जात असतात. टर्मिनल उघडे असेल तर त्यावर माउसने लक्ष आणावे आणि 'आयथ्री-एमएसजी मोड डीफॉल्ट' असे टाइप करावे. त्या आज्ञेतले एखादे अक्षर मोडने स्वतःकडे घेतलेले असेल, तर ती आज्ञा दुसरीकडून चिकटवावी.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी इथेच सांगतो. फाइल बदलल्यावर टर्मिनलमध्ये आयथ्रीला मोठ्या 'सी'चा पर्याय देऊन चालवले की तो काहीही सुरू न करता फक्त फाइल तपासतो आणि चुकलेली ओळ दाखवतो. मग $मॉड, शिफ्ट आणि सी दाबून फाइल नव्याने वाचायला लावावी. आणि एवढे करूनही पडदा हाताबाहेर गेला, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबले की साधे काळे टर्मिनल समोर येते, तिथे लॉगिन करून फाइलीची जुनी प्रत परत ठेवता येते. ती जुनी प्रत असण्यासाठी बदल करण्यापूर्वी ती काढून ठेवायला हवी, हे उघड आहे.

आता पुन्हा इनस्क्रिप्टकडे येतो. भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेली ही मांडणी मराठी, हिंदी आणि इतर भारतीय लिप्यांसाठी चालते, आणि लिनक्समध्ये ती 'इन' या नावाच्या तक्त्यात आहे. मी त्या दिवशी 'सेटएक्सकेबीमॅप इन' अशी आज्ञा देऊन मांडणी बदलली होती, आणि चूक तिथेच होती. त्या आज्ञेने कीबोर्डवर फक्त देवनागरीचा तक्ता उरतो, इंग्रजी तक्ता पुसला जातो. त्याऐवजी दोन्ही तक्ते एकाच वेळी बसवता येतात: 'सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,इन'. एक्समध्ये यांना ग्रुप म्हणतात. यूएस हा पहिला ग्रुप, इन हा दुसरा. आयथ्री बाइंडसिममधले अक्षर पहिल्या ग्रुपमध्ये शोधतो, त्यावरून कळेचा क्रमांक ठरवतो, आणि मग ती जोडी सर्व ग्रुपमध्ये चालू ठेवतो. म्हणजे 'डी' पहिल्या तक्त्यात ४० क्रमांकावर सापडला की, आपण देवनागरीत लिहीत असतानाही विंडोजसह ४० क्रमांकाची कळ डीमेन्यू उघडते. यात क्रम महत्त्वाचा आहे. 'इन,यूएस' असे उलटे लिहिले, तर पहिल्या ग्रुपमध्ये 'डी' सापडतच नाही आणि आपण मूळ अडचणीवर परत येतो.

दोन ग्रुपमध्ये ये-जा करण्यासाठी त्याच आज्ञेत 'जीआरपी:कॅप्स_टॉगल' असा पर्याय देता येतो, मग कॅप्स लॉकची कळ भाषा बदलते. बरेच जण आल्ट आणि शिफ्टची जोडी निवडतात. मी ती सुचवत नाही, कारण या दोन कळा एकत्र दाबताक्षणीच भाषा बदलते, आणि आल्ट-शिफ्टसह तिसरी कळ असलेले शॉर्टकट त्यात गोत्यात येतात. ज्यांनी आयथ्रीची मुख्य कळ आल्ट ठेवली आहे, त्यांची तर विंडो बंद करण्याची जोडीच त्यात अडकते. ही आज्ञा आयथ्रीच्या फाइलीत 'एक्झेक_ऑलवेज' लिहून ठेवली की दर वेळी आयथ्री सुरू किंवा पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप चालते.

एवढे झाल्यावर एक छोटी अडचण उरते. डीमेन्यू उघडतो खरा, पण कीबोर्ड देवनागरीत असल्यामुळे प्रोग्रामचे नाव टाइप करायला गेलो की पट्टीत मराठी अक्षरे उमटतात. त्यासाठी एक्सकेबी-स्विच नावाचे छोटे साधन बसवून घेतले आणि डीची ओळ बदलली: 'एक्झेक "एक्सकेबी-स्विच -एस यूएस; डीमेन्यू_रन"'. आधी इंग्रजी, मग पट्टी. अवतरणचिन्हे का लागतात, ते वर सांगितलेच आहे.

चिन्हाऐवजी थेट क्रमांक लिहायची वाटही आहे. 'बाइंडसिम'च्या जागी 'बाइंडकोड' लिहून डीऐवजी ४० लिहिले, की मांडणी कोणतीही असो, ती कळ चालते. पण चार महिन्यांनी फाइल उघडल्यावर ४०, २४ आणि ३६ या आकड्यांवरून काही बोध होत नाही, म्हणून दोन ग्रुपची वाट मला बरी वाटते. जे आयबसमधल्या एम१७एनसारख्या इंजिनने रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात, त्यांच्यासमोर हा प्रश्न सहसा येतच नाही: तिथे एक्सचा तक्ता इंग्रजीच राहतो आणि अक्षरांचे रूपांतर पुढच्या पायरीवर, विंडो मॅनेजरने आपली जोडी उचलून घेतल्यानंतर होते.

हळूहळू एक्सची जागा वेलँड ही नवी व्यवस्था घेत आहे, आणि तिथे वर सांगितलेली ग्रॅबची पद्धत उरलेली नाही. वेलँडमध्ये विंडो मॅनेजर आणि पडदा सांभाळणारी व्यवस्था एकच असते, सर्व कळा आधी तिच्याकडेच येतात, आणि इतर प्रोग्रामांना परस्पर कळजोड्या मागून घेता येत नाहीत. एसएक्सएचकेडीसारखे स्वतंत्रपणे शॉर्टकट सांभाळणारे प्रोग्राम तिथे त्यामुळेच चालत नाहीत. आयथ्रीच्या फाइलीची भाषा जवळजवळ जशीच्या तशी समजणारा वेलँडवरचा प्रोग्राम म्हणजे स्वे, त्याची १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यात सेटएक्सकेबीमॅप लागत नाही, 'इनपुट टाइप:कीबोर्ड' असा विभाग उघडून त्यात 'एक्सकेबी_लेआउट यूएस,इन' ही ओळ लिहायची असते. आणि बाइंडसिमच्या पुढे '--टू-कोड' लिहिले की स्वे त्या अक्षराचा कळेचा क्रमांक पहिल्या तक्त्यावरून काढून ठेवतो आणि देवनागरीतही शॉर्टकट चालतो. तेव्हा तिथेही यूएस आधी आणि इन नंतर, हाच क्रम ठेवावा लागतो.